रॉड कुठे मोडला, ते मी आधी बघते

माझ्याकडे दुरुस्तीला येणारे मासे धरायचे बहुतेक रॉड माशाने मोडलेले नसतात. छताच्या पंख्याने मोडलेले असतात, मोटारीच्या दारात चिमटून मोडलेले असतात, मोटारसायकलवर आडवे धरून नेताना बाभळीच्या फांदीला अडकून मोडलेले असतात. घेऊन येणारा मात्र माशाचंच नाव सांगतो. ‘‘ताई, चांगला मोठा कटला होता. काठावर आणला आणि टाडकन आवाज झाला.’’ त्याचंही खोटं नसतं. मोडला तेव्हाच. दुखावला होता मात्र कधीतरी आधी.

कार्बनचा रॉड ठेच लागली की लगेच मोडत नाही. वरच्या रंगावर फार तर एक पांढरट ठिपका दिसतो, तोही नीट बघितलं तर. आतले तंतू तेवढ्या जागी चिरडलेले असतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी रॉडवर खरा भार येतो आणि नेमकी ती जागा साथ सोडते. म्हणून कोणी तुकडे टेबलावर ठेवले की मी तुटलेल्या कडा उजेडाकडे धरते. निव्वळ भाराने मोडलेला असेल तर कडेला लांब लांब उभे तंतू सुटलेले असतात. कड आखूड आणि बरीचशी सरळ असेल तर तिथे जुनी जखम असणार, असं मी धरून चालते.

मग मोडला कुठे ते बघते. टोकाकडच्या वीतभरात मोडला असेल तर पंखा, दार, नाहीतर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळताना गळ आणि शिसं थेट टोकाच्या कडीपर्यंत ओढून घ्यायची सवय. वरच्या भागात मध्येच मोडला असेल तर बहुधा मासा पायाशी आल्यावर रॉड सरळ उभा, डोक्याच्याही मागे नेलेला असतो. असा धरला की मुठीजवळचा जाड भाग, ज्याने जोर लावायचा, तो कामातून बाद होतो आणि सगळा भार वरच्या बारीक भागावर येतो. दोन तुकड्यांच्या जोडाशी उभी चीर गेली असेल तर जोड पुरता दाबून बसवलेला नव्हता. एवढं कळलं की मी माणसाला दोन-तीन गोष्टी विचारते. दोष काढायला विचारत नाही. त्याच्या हाताची सवय समजली नाही तर दुरुस्त केलेला रॉड पुन्हा तिथेच, किंवा तिथून चार बोटांवर मोडणार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घर विणकराचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात गेलं की त्यात कानडीही मिसळते. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई घरी कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. सोलापुरी चादर दुहेरी विणीची असते. एका अंगाला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर दुसऱ्या अंगाला पांढऱ्या जमिनीवर लाल. आमच्या लहानपणी गल्लीत रात्रभर माग चालायचे आणि आवाज थांबला की आमची झोपमोड व्हायची. त्यातले बरेच आता बंद आहेत, जे चालू आहेत त्यांच्यावर टॉवेल निघतात. रॉडशी माझी ओळख मामामुळे झाली. त्याला माशांचं वेड. सायकलच्या दांडीला काठी बांधून तो मला हिप्परग्याच्या तलावावर न्यायचा. कागदोपत्री त्याचं नाव एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळात १८७१ साली पुरा झालेला. मामाने पुढे विकतचा रॉड घेतला, तो मोडला, आणि दुरुस्त करून देणारं शहरात कोणी सापडेना. रॉड आमच्या माळ्यावर जाऊन पडला. माझ्याबद्दल एवढं पुरे, कारण पुढचं सगळं दोऱ्याचं आहे.

रॉडवर ओळीने कड्या असतात, त्यांतून तंगूस जातो. त्यांना सगळे गाइडच म्हणतात. गाइड रॉडवर चिकटवलेली असते असा सर्वसाधारण समज आहे. ती बांधलेली असते. गाइडला चपटे पाय असतात, ते रॉडवर टेकवायचे आणि वरून नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा बारीक दोरा एका वेढ्याला दुसरा वेढा खेटून, मध्ये फट न ठेवता गुंडाळत न्यायचा. सुरुवातीचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखालीच दाबून टाकायचं. शेवटचे सात-आठ वेढे उरले की जाड दोऱ्याचा एक फास रॉडवर ठेवायचा, त्याच्यावरून उरलेले वेढे घ्यायचे, दोरा कापून त्याचं टोक फासात ओवायचं आणि फास ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांच्या पोटात जातं. गाठ कुठेच नाही. वर इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेचा पारदर्शक थर देतात, तो दोऱ्याला पाण्यापासून आणि घासण्यापासून राखतो. पण गाइडला जागेवर धरून ठेवतो तो दोरा, आणि दोऱ्यातला ताण.

हा ताण किती असावा, यावरच माझ्या कामाचं बरंवाईट ठरतं. सैल बांधलं तर गाइड कणाकणाने हलत राहते, वरच्या थराला चिरा जातात, चिरांतून पाणी शिरतं. फार आवळलं तर त्याहून वाईट. कार्बनचा रॉड आतून पोकळ असतो आणि टोकाकडे त्याची भिंत फार पातळ होत जाते. गाइडच्या पायाची कड धारदार राहिली असेल आणि वरून दोरा करकचून ओढला असेल तर ती कड भिंतीत रुतते. बांधताना काही दिसत नाही, कळतही नाही. म्हणून पायाचं टोक आधी कानशीने उतरतं घासून घ्यायचं, म्हणजे कड बोथट होते आणि दोराही त्यावर पायरी न पडता चढतो. आणि ताण एवढाच ठेवायचा की सगळे वेढे झाल्यावर अंगठ्याने नेट लावला तर गाइड किंचित सरकून रांगेत येईल, आपणहून मात्र जागची हलणार नाही.

हे मी आईकडून शिकले, आणि आईने माझ्या टेबलावर येईपर्यंत रॉड कधी हातात धरला नव्हता. चरख्यावर कांडी भरताना सूत अंगठा आणि पहिल्या बोटातून सोडायचं असतं. कांडी सैल भरली तर धोट्यात गेल्यावर वेढे सांडतात, गुंता होतो, माग थांबवावा लागतो. फार घट्ट भरली तर सूत तुटतं, नाहीतर कापडाची कड आत ओढली जाते आणि चादर एका अंगाला आवळते. आई हे सगळं शेजारणीशी बोलत बोलत करायची. तिची नजर सुतावर नसायचीच.

मी रॉड बांधायला लागले तेव्हा सगळीकडे सांगतात ती युक्ती वापरत होते. दोऱ्याची रीळ कपात ठेवायची, दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांतून काढायचा आणि पुस्तकावर वजन ठेवायचं, की दोऱ्याला सारखा ताण मिळतो. आईने थोडा वेळ बघितलं आणि पुस्तक उचलून बाजूला ठेवलं. ‘‘बोटांतून काढ दोरा,’’ म्हणाली. ‘‘काठी कुठं बारीक झाली ते पुस्तकाला काय कळणार?’’

मला आजवर कोणी याहून नेमकं सांगितलेलं नाही. मुठीजवळ रॉड अंगठ्याएवढा जाड असतो, तिथे दोरा दमदार ओढलेला चालतो. टोकाशी तो काडीएवढा होतो, तिथे तोच ताण घातक. शिवाय दोरा उघड्या रॉडवरून गाइडच्या पायावर चढतो त्या दोन-तीन वेढ्यांना हात थोडा जास्त आवळावा लागतो, नाहीतर तिथेच फट पडते. वजन ठेवलेलं पुस्तक सगळीकडे एकच ताण देतं. माझ्याकडे आता गल्लीतल्या दोघी जणी बांधायला येतात, दोघी पूर्वी कांड्या भरणाऱ्या. त्यांना मासे धरण्यात रस नाही, पण बोटांखालून दोरा सुटतो तो असा की मी समोर बसून बघत राहावं. असे हात पूर्व भागात घराघरात आहेत. काही विड्या वळतात, काही टॉवेलच्या कडा शिवतात, काही नुसत्याच बसून आहेत. त्यांना अजून थोडं काम मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यातलं मला जमेल तेवढं मी देते.

दोऱ्याची सोलापुरात वानवा नाही. सुती दोरा मात्र मी घेत नाही. त्याला लव असते आणि इपॉक्सी पिऊन तो काळपट, डागाळलेला दिसतो. साध्या नायलॉनचा रंगही थर दिल्यावर गडद होतो, आधी रंग राखणारं पाणीदार द्रव्य लावून वाळवावं लागतं. टॉवेलवर भरतकाम करणारे वापरतात तो चकचकीत पॉलिएस्टर दोरा मला सर्वांत आवडतो. बारीक आहे, जास्त वेढे घ्यावे लागतात, वेळ जातो, पण वेढ्यांची रांग फार देखणी बसते. कोणाला हौस असेल तर कडेला जरीचे चार वेढे देते.

ज्याच्यावर हे सगळं बांधायचं त्या उघड्या काठीला ब्लँक म्हणतात. तो बाहेरून मागवावा लागतो. निमुळत्या पोलादी सळईवर राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, वरून चिकट नसलेली पातळ पट्टी करकचून आवळतात, भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. काही ब्लँकवर बोट फिरवलं तर त्या पट्टीच्या बारीक कडा अजून लागतात. कापड गुंडाळलेलं असल्याने कुठेतरी थर एकावर एक येतात, आणि ब्लँक एका अंगाला जरा कडक होतो. टोक तळव्यावर धरून, बुंधा टेबलावर टेकवून, मध्ये हळूच दाबून फिरवलं तर तो एका जागी आपणहून वळून स्थिरावतो. त्याला कणा म्हणतात. गाइड कण्याच्या बाजूने बांधायच्या की उलट बाजूने, यावर जाणत्यांत दोन तट आहेत. मी कणा शोधते, खूण करते, आणि तरीही ब्लँक जिथून सर्वांत सरळ दिसतो ती बाजू धरून बांधते. गाइड रॉडच्या खालच्या अंगाला असल्या की भार आला तरी त्या खालीच राहतात. वाकडा दिसणारा रॉड मात्र धरणाऱ्याच्या मनातून उतरतो, आणि मनातून उतरलेल्या रॉडची निगा कोणी राखत नाही.

गाइड किती आणि कुठे, याचा ढोबळ हिशेब जितके फूट रॉड तितक्या गाइड आणि टोकाची एक वेगळी, असा आहे. खरी जागा मात्र रॉड वाकवूनच कळते. गाइड आधी रबरांनी तात्पुरत्या अडकवायच्या, तंगूस ओवायचा, टोकाला वजन लटकवायचं आणि बाजूने बघायचं. तंगूस रॉडच्या बाकाबरोबर वळत गेला पाहिजे. दोन गाइडांमध्ये तो सरळ ताणून आडवाटेने जात असेल तर तिथे एक गाइड सरकवायची किंवा वाढवायची. या कामाला कंटाळून चालत नाही. मला हा भाग सर्वांत आवडतो, कारण रॉड इथे पहिल्यांदा आपला स्वभाव दाखवतो.

आणि रॉड कोणत्या पाण्यासाठी आहे हे याच वेळी ठरतं. आमच्याकडे बहुतेकांची धाव उजनीकडे. भीमेवरचं हे धरण १९८० साली झालं, एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखालचं पाणी. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापुरात घराघरात ऐकू येतं. पाणी तेवढं उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडं आणि पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. गळ टाकणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की पाण्याखाली गळ अडकायला जागाच जागा. अडकलेला गळ रॉडने उचकटून काढायला गेलं की रॉड जातो. रॉड पाण्याच्या दिशेने सरळ रोखावा, तंगूस हाताला फडकं गुंडाळून धरावा आणि मागे सरकत ओढावा. तंगूस तुटेल, रॉड वाचेल. हे मी प्रत्येक नव्या रॉडबरोबर सांगते.

उजनीत चिलापी उदंड. तिच्यासाठी मऊ टोकाचा रॉड हवा, ती आमिषाला नुसतं तोंड लावते तेही टोकावर दिसलं पाहिजे. कटला-रोहूला पिठाचा गोळा लांब फेकायचा, म्हणून रॉड लांब आणि बुंध्यापर्यंत वाकणारा. मरळीचं सगळंच उलट. ती वेलीत, शेवाळात दडून बसते, रबरी बेडकावर झडप घालते आणि परत वेलीत घुसते. तिला पहिल्या दोन क्षणांत बाहेर ओढावी लागते. तिथे टोकाशीच वाकणारा, खाली कडक असा आखूड रॉड लागतो. मरळीसाठी तंगूसाऐवजी विणलेला दोरा वापरतात, त्याने हलक्या प्रतीच्या गाइडच्या कडीला चर पडतात, म्हणून तिथे सिलिकॉन कार्बाइडच्या कडीच्या गाइड बसवते. जुन्या रॉडच्या कडीला तडा गेलाय का ते कापसाचा बोळा आतून फिरवून बघावं. कापूस अडकला, की तंगूसही तिथेच कापला जातोय असं समजावं.

एकाने माझ्याकडून मरळीचा रॉड बांधून घेतला. तो दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पेलतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: नंदीध्वज सात असतात, सजवलेल्या उंचच उंच वेळूच्या काठ्या. कमरेच्या पट्ट्यात बुंधा टेकवून त्या उभ्या पेलायच्या आणि अडुसष्ट लिंगांच्या वाटेने मिरवणुकीत चालायचं. यात्रेआधी त्याचा सराव चालतो. या माणसाने अर्धा बांधलेला रॉड हातात घेतला, रील, म्हणजे तंगूस गुंडाळायची चकरी, बसते त्या जागेखाली एक बोट लावलं आणि लगेच म्हणाला, ‘‘ताई, पुढं जड आहे.’’ पुढे जड असलेला रॉड दुपारपर्यंत मनगट दुखवतो. काही जण बुंध्यात शिसं घालून तोल साधतात. त्याने एकूण वजन वाढतं, मला ते पटत नाही. आम्ही रील बसवायची जागा दोन बोटं पुढे घेतली. हाताच्या मागे रॉड जास्त आला आणि तोल बसला. इतक्या चटकन तोल ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मुठीचंही तसंच आहे. दुकानातल्या रॉडची मूठ सगळ्यांसाठी एकाच जाडीची. वय झालेल्या बोटांना बारीक मूठ आवळवत नाही, रात्री सांधे ठणकतात. त्यांच्यासाठी बुचाची मूठ जाड ठेवते. हे बूच मुख्यतः पोर्तुगालचं, तिथल्या ओक झाडाची साल, जी नऊ वर्षांतून एकदाच काढतात. अर्ध्या इंचाच्या चकत्या येतात, त्या एकापुढे एक चिकटवून, माणसाचा हात बघत बघत पॉलिश पेपरने घासायच्या. बुचात छिद्रं असतातच. घासताना पडलेली भुकटी गोंदात कालवून ती भरते.

इपॉक्सीच्या कामाला सोलापूर सोपं नाही. दोन द्रव सारख्या मापाने घ्यावे लागतात, सुईच्या पिचकारीने मोजून. अंदाजाने घेतले तर थर कायमचा चिकट राहतो. हलक्या हाताने ढवळायचं, बुडबुडे आलेच तर स्पिरिटच्या दिव्याची ऊब दुरून दाखवायची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४३-४४ वर जातो आणि कपातलं मिश्रण बघता बघता घट्ट होतं. ते स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतं. म्हणून कालवल्याबरोबर अॅल्युमिनियमच्या कागदावर पातळ पसरून ठेवते, तेवढीच सवड मिळते. काम पहाटे करते. कूलर लावायचा नाही, कारण त्याच्या ओल्या हवेने थरावर धुरकट साय येते. पंखाही बंद, कारण हवेत लव. आमच्याकडे टॉवेलच्या मागांची लव खिडकीच्या जाळीवर, पापण्यांवर, सगळीकडे बसते; ओल्या थरावर बसली की गेली ती कायमची आत. खोलीत आधी पाणी शिंपडून लव खाली बसवते, जमीन पुसते, वाळू देते आणि मगच डबी उघडते.

थर दिल्यावर रॉड काही तास सावकाश फिरत ठेवावा लागतो, नाहीतर खालच्या अंगाला थेंब ओघळून गोठतात. त्यासाठी जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर भंगार बाजारातून आणली. मिनिटाला पाच-सहा फेरे, इतपतच हवेत. वीज गेली तर हाताने फिरवायचा. आई अशा वेळी शेजारी बसून आळीपाळीने फिरवते.

गेल्या वर्षी रेल्वेतून इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांच्याकडे फायबर ग्लासचा जुना तपकिरी रॉड, बरोबर मधोमध मोडलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर बांबूची जागा फायबर ग्लासने घेतली आणि १९७०च्या दशकात कार्बन आला. हा रॉड त्या मधल्या पिढीतला, वजनदार, सोशिक. तो काकांच्या मित्राचा होता. दोघे सुट्टीच्या दिवशी टाकळीकडे भीमेवर जायचे. मित्र गेल्यावर घरच्यांनी तो काकांना दिला, आणि सामान हलवताना त्याच्यावर कपाट आलं. काकांनी तुकडे जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून आणले होते. ‘‘पहिल्यासारखा करून दे, बाळ,’’ एवढंच म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, पहिल्यासारखा होणार नाही. मधला तुटलेला रॉड सांधायचा म्हणजे आत दुसऱ्या रॉडचा तुकडा घालावा लागतो. माझ्याकडे मोडक्या रॉडांची पेटी आहे, ती यासाठीच. त्यातून नेमक्या निमुळतेपणाचा तुकडा शोधायचा, तो बुंध्याच्या बाजूने आत सारायचा, जिथे घट्ट बसतो तिथे खूण करायची, मग सावकाश धरणारा इपॉक्सी गोंद लावून पक्का करायचा. पटकन धरणारा गोंद इथे उपयोगाचा नाही. तो ठिसूळ राहतो, रॉड वाकला की तडकतो. बाहेरून दोन्ही अंगांना चार-चार बोटं दोऱ्याची बांधणी. आतल्या तुकड्याची टोकं घासून पातळ करावी लागतात, कारण तो एकदम जिथे संपतो तिथे रॉड एकदम मऊ होतो, आणि पुढचा मोड हमखास तिथेच. इतकं करूनही सांध्याच्या जागी रॉड थोडा कडक होतो. त्याचा बाक बदलतो. तो दुसरा रॉड होतो.

काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘दुसरा तर दुसरा. पण त्याचाच हवा.’’

सांधा लपवायचा का, असं मी विचारलं. तपकिरी दोरा घेतला असता तर दुरून कळलं नसतं. पण माझं मत सांध्याने दिसावं असं आहे. ज्याच्या हाती रॉड जाईल त्याला कुठे जपायचं ते समजतं, आणि उद्या पुन्हा दुरुस्तीला आला तर दुरुस्त करणाऱ्याला आत काय आहे ते कळतं. मी पळसफुलाच्या रंगाचा दोरा बांधला. महिन्याभराने काका सांगायला आले. ‘‘आधी मासा मनगटात कळायचा,’’ म्हणाले, ‘‘आता जरा उशिरा, कोपरात कळतो.’’ सांध्यामुळे काय बदललं हे इतकं बरोबर मला सांगता आलं नसतं. त्या रॉडने ते आता फक्त चिलापी धरतात, मोठ्या माशाला दुसरा वापरतात. योग्य करतात.

दुरुस्तीला आणताना सगळे तुकडे आणा, कपचीसुद्धा. तुटलेली कड घासू नका, घरातला झटपट गोंद लावू नका. तो आतून काढता काढता चांगला भागही खराब होतो. टोक तीन-चार बोटं मोडलं असेल तर नवी टोकाची कडी लागते आणि काम तासाभराचं आहे. ती मी उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवते, म्हणजे पुढे कधी बदलायची झाली तर गरम करून सहज निघते. असा रॉड टाकून देणं मला बघवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या कामात येत नाही तरी सांगितल्याशिवाय मी रॉड देत नाही. कार्बनमधून वीज वाहते. उजनीच्या काठाने शेतीपंपांच्या तारा जागोजागी गेल्या आहेत, काही ठिकाणी फार खाली लोंबतात. कार्बनचा लांब रॉड उभा धरून त्यांच्याखालून चालणं म्हणजे जिवाशी खेळ. तार दिसली की रॉडचे दोन भाग सुटे करा आणि आडवे धरून चाला. आभाळ गडगडायला लागलं तर रॉड खाली ठेवून पाण्यापासून लांब जा. कितीही मासे लागत असले तरी.

सध्या मी बांबूचा रॉड करायला घेतलाय. अख्ख्या काठीचा नाही, चिरलेल्या पट्ट्यांचा. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या तंतूंत असते, म्हणून त्याच्या सहा पट्ट्या ६० अंशांच्या त्रिकोणी करून, साल बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवतात. षट्कोनी, भरीव काठी तयार होते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ही रीत रुळली आणि त्यासाठी चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला बांबू नावाजलेला आहे. मी लाठीसाठी वापरतात तो आपल्याकडचा जाड सालीचा बांबू घेतलाय. बुरडाने चिरून दिला. आधी पाण्यात बुडवून ठेवला, म्हणजे आतलं सत्त्व निघून जातं आणि भुंगा लागत नाही. आपल्या बांबूची पेरं जवळ जवळ असतात, प्रत्येक पेर मंद आचेवर शेकून सरळ करावं लागतं, त्यात फार वेळ जातोय. सहापैकी चार पट्ट्या झाल्या आहेत. दोरा मला रेशमाचा हवा. वार्निश दिल्यावर रेशीम जवळजवळ पारदर्शक होतं आणि खालचा बांबू दिसतो. आईला ते मान्य नाही. तिच्या मते बांबूला सुती दोराच जास्त घट्ट बसतो, आणि इथे वार्निश आहे, इपॉक्सी नाही, तेव्हा काळपट पडायचा प्रश्न येत नाही. दोन्हीचे नमुने एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी बांधून, वार्निश देऊन वाळत ठेवले आहेत.